सहलीची तारीख तिथीने ठरवावी

प्रति,
मुंबई, ठाणे व नवी मुंबई येथील शाळांचे मुख्याध्यापक आणि सहलप्रमुख यांस,



ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य हे महाराष्ट्रातले दुसरे सागरी अभयारण्य. पहिले मालवणचे, १९८७ सालचे; ठाणे खाडीचे ६ ऑगस्ट २०१५ रोजी जाहीर झाले. ऐरोलीचा पूल आणि वाशीचा पूल यांच्या दरम्यान, खाडीच्या पश्चिमेला, म्हणजे मुंबईकडच्या अंगाला ते पसरले आहे. क्षेत्र सुमारे १,६९० हेक्टर. त्यातले सुमारे ८९६ हेक्टर कांदळवन आणि उरलेले ७९४ हेक्टर पाणी. हे पाणी कागदावरचे. ओहोटी लागली की त्यातल्या बऱ्याच भागात पाणी उरत नाही, चिखल उघडा पडतो, आणि अभयारण्य पाहायचे म्हणजे मुख्यतः हा चिखल पाहायचा असतो. ऑगस्ट २०२२ मध्ये अभयारण्य आणि त्याभोवतीचे संवेदनशील क्षेत्र मिळून सुमारे ६,५२१ हेक्टरांची पाणथळ रामसर यादीत गेली. राज्यातून त्याआधी नांदूर मध्यमेश्वर आणि लोणार ही दोनच नावे त्या यादीत होती. शाळांच्या सहलींच्या यादीत मात्र खाडी अजून वॉटर पार्क आणि बिस्किटांचा कारखाना यांच्या बरीच खाली असते.

तरीही काही शाळा जातात, आणि त्यातल्या बऱ्याच निराश होऊन परततात. दोष खाडीचा नसतो, तारखेचा असतो. सहलीचा दिवस ठरतो तो सहामाही परीक्षा, बसची सोय आणि शनिवार पाहून. खाडीवर यांतले काहीच चालत नाही.

मुंबईच्या किनाऱ्यावर दिवसातून दोनदा भरती येते. एका भरतीपासून दुसऱ्या भरतीपर्यंत सुमारे १२ तास २५ मिनिटे जातात, म्हणून रोजची भरती आदल्या दिवसापेक्षा सुमारे पाऊण तास उशिरा येते. किनाऱ्यावरच्या माणसांनी यावरून एक सोपा हिशेब बसवला आहे: तिथीची पाऊणपट करावी, भरतीची वेळ मिळते. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणून सकाळी सहा आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास पूर्ण भरती. द्वादशीला नऊ. पौर्णिमेला आणि अमावस्येला पंधराची पाऊणपट सव्वा अकरा. प्रत्यक्षात त्या दिवशी पाणी बाराच्या आसपास भरते. हिशेबात अर्ध्या-पाऊण तासाची चूक धरून चालावे, शिवाय खाडीत जितके आत जावे तितकी भरती थोडी उशिरा पोचते. नेमक्या वेळा छापील तक्त्यांत मिळतात. पण तक्ता हाती नसताना पंचांग पाहून अंदाज बांधता येतो, आणि पाऊणपट करणे चौथीच्या मुलालाही जमते.

वेळेइतकेच पाण्याच्या उंचीला महत्त्व आहे. पौर्णिमा-अमावस्येनंतरच्या एक-दोन दिवसांत उधाण असते. पाणी खूप चढते आणि तितकेच खाली जाते. पावसाळ्यात साडेचार मीटरपेक्षा उंच भरतीचे इशारे वर्तमानपत्रांत येतात ते याच दिवसांचे. अष्टमीनंतरच्या एक-दोन दिवसांत भांग असतो. पाणी फार चढत नाही आणि फार ओसरतही नाही. भांगाला चिखल कमी उघडतो, म्हणून पक्ष्यांना चरायला जागाही कमी मिळते.

यावरून सहलीचा दिवस काढता येतो. पाणी अगदी ओसरले की होडी चालत नाही. पाणी पूर्ण भरले की चिखल बुडतो आणि पक्षी खाडी सोडून दुसरीकडे विश्रांतीला जातात. होडी तरंगावी आणि चिखलाच्या कडाही दिसाव्यात, असा वेळ भरती व ओहोटी यांच्या मध्ये असतो. शाळेची बस नऊला निघून साडेदहापर्यंत खाडीवर पोचते असे धरले, तर द्वादशी-त्रयोदशी सोयीची: नऊ-पावणेदहाची भरती उतरू लागते आणि बाराच्या सुमारास कडेचा चिखल उघडा पडलेला असतो. द्वितीया-तृतीयाही चालते, तेव्हा दीड-दोनच्या भरतीचे पाणी सकाळी चढत असते आणि चरणारे पक्षी हळूहळू काठाकडे सरकत येतात. सर्वांत वाईट दिवस पौर्णिमेचा रविवार. दुपारी बारा वाजता चारही बाजूंना नुसते गढूळ पाणी, दोन पूल आणि विजेचे मनोरे.

तिथीबरोबर महिनाही पाहावा लागतो, आणि इथे शाळांची खरी अडचण आहे. रोहित पक्षी, म्हणजेच फ्लेमिंगो, साधारण नोव्हेंबर-डिसेंबरपासून खाडीत येऊ लागतात. गर्दीचा काळ फेब्रुवारी ते एप्रिल. काही थवे मे अखेरपर्यंत, क्वचित त्याहून पुढेही राहतात. सहली निघतात डिसेंबर-जानेवारीत, आणि पक्षी भरात असतात तेव्हा वार्षिक परीक्षा डोक्यावर असते. दहावीच्या मुलांना त्या दिवसांत बाहेर काढता येणार नाही हे उघड आहे. पण पाचवी ते आठवीच्या मुलांचा फेब्रुवारीच्या पहिल्या पंधरवड्यातला एक दिवस गेला, तर अभ्यासक्रम बुडत नाही.

खाडीची सफर ऐरोलीच्या सागरी व किनारी जैवविविधता केंद्रापासून निघते. वन विभागाच्या कांदळवन कक्षाने चालवलेले हे केंद्र पूर्वेच्या काठावर आहे. होडीच्या वेळा भरती-ओहोटीप्रमाणे रोज बदलतात, त्यामुळे आधी दिवस ठरवून मग वेळ विचारण्यापेक्षा वेळा विचारून मग दिवस ठरवणे शहाणपणाचे. होडीत बसण्याआधी केंद्रातले दालन पाहून घ्यावे. तिथे जे काचेपलीकडे पाहायला मिळते तेच थोड्या वेळाने चिखलात ओळखायचे असते.

खाडीत रोहितांच्या दोन जाती दिसतात. थोरला रोहित उभा राहिला तर १२० ते १४५ सेंटिमीटर, म्हणजे सहावी-सातवीतल्या मुलाएवढा. धाकटा ८० ते ९० सेंटिमीटर. पहिलीतल्या मुलाच्या छातीला लागेल इतका. लांबून उंचीचा अंदाज फसतो, म्हणून चोच पाहावी. थोरल्याची चोच फिकट गुलाबी आणि टोकाला काळी, धाकट्याची गडद, काळपट लाल. ठाणे खाडीत संख्येने धाकटे पुष्कळ जास्त असतात. अंगाने तेच अधिक गुलाबी दिसतात. थोरला उभा असताना जवळजवळ पांढरा वाटतो. त्याने पंख उघडले की आतला लाल-गुलाबी आणि कडेचा काळा रंग एकदम दिसतो. मराठीत त्याला अग्निपंख म्हणतात ते यामुळे.

मुले होडीतून पहिला प्रश्न रंगाचाच विचारतात, कारण भित्तिचित्रांवर, बसथांब्यांवर आणि नवी मुंबईतल्या चौकांत उभ्या केलेल्या पुतळ्यांत त्यांनी भडक गुलाबी पक्षी पाहिलेला असतो. खाडीतल्या थव्यात राखी-तपकिरी पक्षीही बरेच असतात. ते आजारी नसतात, वयाने लहान असतात. रोहिताला गुलाबी रंग अन्नातून मिळतो: शेवाळ आणि बारीक जलचर यांतली कॅरोटिनॉइड द्रव्ये, म्हणजे गाजराला रंग देणाऱ्या द्रव्यांचीच भावंडे, पिसांत उतरतात. पूर्ण रंग चढायला काही वर्षे लागतात. दुसरा हमखास प्रश्न उलट्या गुडघ्याचा. पायाच्या मध्यावर मागे वाकणारा तो सांधा गुडघा नसून घोटा असतो; गुडघा वर, पोटाच्या पिसांत दडलेला असतो.

खाण्याची रीत मात्र दुर्बिणीतून सावकाश पाहण्यासारखी आहे. रोहित मान खाली घालून डोके उलटे करतो, त्यामुळे वरचा जबडा खाली जातो. मध्येच वाकलेली ती चोच अशा उलट्या स्थितीतच कामाला येते. जाड जीभ पिचकारीच्या दट्ट्यासारखी मागे-पुढे होते, पाणी आत ओढले जाते आणि बाहेर ढकलले जाते, आणि चोचीच्या कडांवरच्या बारीक पट्ट्यांत खाद्य अडकून राहते. थोरल्याची चाळणी जाडीभरडी; तो चिखल ढवळून कवचधारी प्राणी, शिंपले, किड्यांच्या अळ्या काढतो. धाकट्याची चाळणी वस्त्रगाळ. तो पाण्याच्या वरच्या थरातले निळे-हिरवे शेवाळ गाळून घेतो. एकाच चिखलात दोघे शेजारी चरतात, पण त्यांची ताटे वेगळी. विज्ञानाच्या तासाला ‘अनुकूलन’ हा शब्द फळ्यावर लिहून जेवढे समजते, त्याहून अधिक इथे दहा मिनिटांत समजते.

या शेवाळाची गोष्ट शाळांनी टाळू नये. रोहित मुंबईत मोठ्या संख्येने दिसू लागले ते १९९०च्या दशकापासून, आधी शिवडीच्या चिखलावर आणि मग खाडीत वरपर्यंत. त्याआधी शतकानुशतके ही खाडी होतीच. बदलले ते पाणी आणि गाळ. सुमारे २६ किलोमीटर लांबीच्या या खाडीचे दक्षिणेकडचे तोंड बंदराला मोकळे आहे, पण उत्तरेकडे उल्हास नदीला ती अरुंद, उथळ वाटेने जोडलेली आहे. आत आलेले सहज वाहून जात नाही. दोन्ही काठांवरच्या वस्त्यांचे सांडपाणी खाडीत येते, त्यातल्या नत्र-स्फुरदावर शेवाळ वाढते, आणि त्या शेवाळावर रोहित येतात, असे अभ्यासक मानतात. म्हणजे हजारोंच्या थव्याकडे बोट दाखवून ‘खाडी किती स्वच्छ’ असे मुलांना सांगणे चुकीचे ठरेल. प्रदूषण पक्ष्यांना मानवते, असा निष्कर्ष त्याहून चुकीचा. मासे, शिंपले आणि ते पकडून जगणारे कोळी यांची परिस्थिती याच पाण्यात उलट्या दिशेने गेली आहे. खाडीकाठच्या कोळीवाड्यातल्या एखाद्या जाणत्या माणसाला बोलावून अर्धा तास ऐकले, तर हा हिशेब मुलांना नीट कळतो.

रोहित इथे अंडी घालत नाहीत. त्यांची भारतातली मोठी वीण कच्छच्या रणात होते. पाऊस बरा झाला आणि रणात पाणी साचले की ते चिखलाचे बुटके मनोरे बांधून त्यावर एकेक अंडे घालतात. बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीने २०२२ मध्ये खाडीतल्या काही रोहितांवर माग काढणारी यंत्रे बसवली, तेव्हा इथले पक्षी गुजरातकडे जाताना प्रत्यक्ष नोंदले गेले. भूगोलाच्या नकाशावर ठाणे आणि कच्छ यांच्यामध्ये रेघ ओढायची असेल, तर त्या रेघेला आधार आहे.

पूर्ण हंगामात खाडी परिसरातल्या रोहितांची संख्या लाखाच्या पुढे गेल्याच्या नोंदी आहेत. एवढे पक्षी मोजतात कसे, हा मुलांसाठी चांगला उद्योग. थव्यातले दहा पक्षी मोजून त्यांनी व्यापलेली जागा डोळ्यांत धरायची, तशा दहा जागा म्हणजे शंभर, आणि तो शंभराचा तुकडा थव्यावरून सरकवत न्यायचा. चार गटांनी वेगवेगळे आकडे काढले की कुठला बरोबर यावर परतीच्या बसमध्ये भांडण जुंपते. जुंपू द्यावे.

रोहितांवर नजर खिळली की बाकीचे निसटते. चिखलाच्या कडेने धावपळ करणारे लहान पक्षी, म्हणजे चिखले आणि तुतवार, हे हिवाळी पाहुणे कितीतरी दूरवरून आलेले असतात; आकाराने लहान असूनही त्यांचा प्रवास रोहितांपेक्षा लांबचा. वर वळलेल्या चोचीचा उचाट्या, लांब लाल पायांचा शेकाट्या, समुद्री बगळा, चित्रबलाक, पाण्यावरून सूर मारणारे सुरय आणि खांबावर बसलेला खंड्या हे बहुतेक फेऱ्यांत दिसतात.

चिखलाला स्वतःचे रहिवासी आहेत. निवटी हा मासा पाण्याबाहेर येऊन पंखांवर सरपटतो, उड्या मारतो, आणि दोन नर समोरासमोर आले की पाठीवरचा पडदा उभारून एकमेकांना धमकावतात. एक नांगी अंगाएवढी असलेले नर खेकडे बिळाच्या तोंडाशी ती नांगी हलवत असतात. सहलीत पुढे बसायला न मिळालेली मुले हे काठावरूनच पाहू शकतात. ऐरोलीच्या धक्क्याशेजारी ओहोटीला अर्धा तास थांबले तरी पुरते.

काठाला जी झाडी दिसते ती बहुतांशी तिवरांची. तिवराची मुळे चिखलातून पेन्सिलींसारखी वर उभी राहतात, कारण चिखलात हवा नसते आणि मुळांना ती वरून घ्यावी लागते. पानांवर बारीक मीठ साठते. बोट फिरवले तर खरखर लागते. (बोट जिभेला लावून खात्री करायचा मोह या खाडीत आवरावा.) कांदळाचे बी झाडावरच रुजते आणि लांब शेंगेसारखे लोंबू लागते, मग चिखलात पडते. मुंबई उच्च न्यायालयाच्या २००५ च्या आदेशाने राज्यातली कांदळवने तोडण्यास मनाई केली, आणि त्यानंतर खाडीचा हिरवा पट्टा बराच सावरला. यात एक गुंता आहे. गाळ साचत जातो तसतसे तिवर उघड्या चिखलावर पुढे सरकतात, आणि रोहितांना चरायला उघडा चिखलच लागतो. झाडे वाढली म्हणजे सगळ्यांचे भले झाले, असे सरळ गणित इथे नाही. या तिवरांच्या रानात कोल्हेही राहतात. दिवसा ते दिसणे कठीण, पण ओल्या चिखलात पावलांचे ठसे सापडतात.

होडीवरच्या वागण्याबद्दल थोडे. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या कलम २७ प्रमाणे अभयारण्यात प्राण्यांना डिवचायला आणि कचरा टाकायला मनाई आहे. व्यवहारात याचा अर्थ असा की नावाड्याला ‘अजून जवळ घ्या’ असे सांगू नये. रोहिताला जागेवरून उडता येत नाही. पाण्यावर कित्येक पावले धावल्यावर तो हवेत उठतो. दर होडीगणिक थवा उठू लागला, तर चरण्याचे दोन-तीन तास त्यातच संपतात, आणि भरती त्यांच्यासाठी थांबत नाही. थवा उडाला की मुले टाळ्या पिटतात. शिक्षकांनी आधीच सांगितले असेल की उडालेला थवा म्हणजे होडी फार जवळ गेल्याची खूण, तर टाळ्या वाजत नाहीत. गेटवेहून एलिफंटाला जाणाऱ्या लाँचवर कुरव पक्ष्यांना वेफर आणि कुरकुरे टाकण्याची जी सवय लागली आहे, ती इथे आणू नये. डबे काठावरच संपवावेत. खेळाच्या तासाचा पांढरा गणवेश आणि रंगीत टोप्या टाळाव्यात. दुर्बीण ८ बाय ४२ ची चांगली, पण वर्गाला चार-पाच असल्या तरी चालते. प्रत्येक मुलाच्या हातात मोबाइल असण्यापेक्षा ते बरे.

राहिला प्रश्न भरतीच्या वेळी रोहित जातात कुठे याचा. चिखल बुडाला की त्यांना उथळ, शांत पाणी लागते. काही भांडुपच्या बाजूच्या मिठागरांकडे आणि तळ्यांकडे जातात, बरेचसे खाडी ओलांडून नवी मुंबईत नेरूळ-सीवूड्सकडच्या पाणथळींवर. या जागा अभयारण्याच्या हद्दीबाहेर आहेत. शिवडीचा चिखल, ज्याच्या जवळून जानेवारी २०२४ मध्ये अटल सेतू सुरू झाला, तोही हद्दीबाहेरच. रोहिताचा निम्मा दिवस संरक्षित जागेत जातो आणि निम्मा अशा जागी, जिथे कधी भराव पडतो, तर कधी खाडीचे पाणी आत येण्याची वाट बंद होते. नेरूळच्या डीपीएस तलावाचे तसेच झाले. पाणी अडून तो सुकत गेला आणि २०२४ च्या उन्हाळ्यात तिथे रोहित मेलेले सापडले. त्याच वर्षी २० मेच्या रात्री घाटकोपरवर उतरत्या विमानाला थवा धडकून सुमारे ४० रोहित मेले. रोहितांचे येणे-जाणे पुष्कळदा रात्रीचे असते, आणि बसायची जागा हलली की उडण्याची वाटही हलते. २०२५ मध्ये राज्य वन्यजीव मंडळाने डीपीएस तलावाला संवर्धन राखीव क्षेत्र करण्यास मंजुरी दिली.

सहलीसाठी याचा एक उपयोग आहे. शाळेला तारीख बदलता आली नाही आणि ती नेमकी पौर्णिमेच्या दुपारवर पडली, तर बारा वाजता ऐरोलीत होडीची वाट पाहू नये. दुपारी बस नेरूळकडे न्यावी. फेब्रुवारी-मार्चमध्ये भरतीच्या वेळी तळ्यांवर रोहित एका पायावर उभे राहून, मान पिसांत खुपसून झोपलेले दिसण्याची शक्यता चांगली असते. तिथे तिकीट लागत नाही. मग साडेतीनच्या सुमारास, पाणी उतरू लागले की थवे एकेक करून उठतात आणि खाडीकडे निघतात. तोवर मुलांचे डबे खाऊन झालेले असतात, आणि बसचालकाला परतीची वेळ तासभर पुढे नेण्यास आधीच सांगून ठेवलेले असावे.

कळावे,

खाडीकाठचा एक पक्षिनिरीक्षक